सातासमुद्रापारची पोटगी आणि आपला हिशोब

आजचा विषय ऐकून काही जणी लगेच म्हणतील, "आयकर आणि आपला काय संबंध? आपण कुठे लाखांत खेळतो?" आम्हीही असंच म्हणत होतो. पण आमच्या गटातल्या एका ताईने बैठकीत पासबुक उघडून समोर ठेवलं, तेव्हा आमचं हसणं थांबलं. तिच्या परवानगीनेच ही गोष्ट तुम्हाला सांगतो आहोत. नाव मात्र सांगत नाही.

ताईचा नवरा अमेरिकेत नोकरीला. लग्नानंतर चार वर्षांतच ती माहेरी परत आली. घटस्फोट झालेला नाही, पण दोघं वेगळे राहतात. दोन वर्षांपूर्वी कोर्टाने तिला दरमहा ४०,००० रुपये पोटगी मंजूर केली. आपल्याकडच्या जुन्या बायका जिला खावटी म्हणतात, तीच ही. सुरुवातीला पैसे बरोबर आले. मग एके दिवशी खात्यात २८,००० जमा झाले आणि मोबाईलवर निरोप आला, "इथे सरकार ३० टक्के टॅक्स कापून घेतं. माझा नाइलाज आहे."

ताईला वाटलं, असेल बाई परदेशातला कायदा. आपल्याला काय कळतंय? ती गप्प बसली. एक महिना, दोन महिने, असे अकरा महिने गेले. दर महिन्याला १२,००० कमी. अकरा महिन्यांचे झाले १,३२,०००. गटातून म्हशीसाठी कर्ज मागायला ती आली आणि खात्याची चौकशी करताना ही गोष्ट बाहेर पडली.

आम्हालाही उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीतल्या वकीलबाईंकडे गेलो, एका सीएला भेटलो, ताईचा हुकूम शब्द न् शब्द वाचून घेतला. तिथे जे समजलं, ते आज सांगतो. अर्ध्या तासात कुणी वकील होणार नाही. पण कुणी "टॅक्स" म्हटलं की घाबरून गप्प बसायचं नाही, एवढं जरी आज पदरात पडलं तरी पुष्कळ झालं.

आधी ताईचाच प्रश्न घेऊ. तिकडे खरोखर ३० टक्के कापतात का?

अमेरिकेत पूर्वी असा नियम होता की, पोटगी देणाऱ्याला ती रक्कम आपल्या उत्पन्नातून वजा करता यायची आणि घेणारीच्या उत्पन्नात ती धरली जायची. म्हणजे कर घेणारीवर. आणि घेणारी परदेशी असेल, अमेरिकेबाहेर राहत असेल, तर देणाऱ्याने ३० टक्के कापून तिथल्या सरकारकडे भरायचे, असाही नियम होता. ताईच्या नवऱ्याने बहुधा हाच नियम कुठेतरी ऐकला असेल. किंवा ऐकला नसेल, नुसतंच ठोकून दिलं असेल. ते त्यालाच ठाऊक.

पण २०१७ साली अमेरिकेने कायदा बदलला. ३१ डिसेंबर २०१८ नंतर झालेल्या घटस्फोटाच्या किंवा विभक्त राहण्याच्या हुकमांना आणि करारांना नवा नियम लागू झाला. नव्या नियमात देणाऱ्याला पोटगीची वजावट मिळत नाही आणि घेणारीकडून तिथलं सरकार त्या पोटगीवर कर घेत नाही. ताईचा हुकूम दोन वर्षांपूर्वीचा. म्हणजे तिच्या पोटगीतून अमेरिकेत ३० टक्केच काय, एक रुपयाही कापायचं कारण नव्हतं. त्याला तिकडे पगारावर जो कर भरावा लागतो तो त्याचा. तो ताईच्या पोटगीतून वसूल करता येत नाही.

आता कुणाचा हुकूम २०१८ किंवा त्याआधीचा असेल, तर तिचं काय? तिला जुना नियमच लागू राहतो. नंतर हुकमात बदल झाला आणि त्या बदलात "आता नवा नियम लागू" असं स्पष्ट लिहिलं असेल, तरच नवा लागतो. पण जुना नियम असला तरी घाबरू नका. भारत आणि अमेरिका यांच्यात एक करार आहे. एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांनी कर घेऊ नये म्हणून केलेला हा करार. त्यात पोटगीचा वेगळा उल्लेख आहे. कोर्टाच्या हुकमाने किंवा लेखी कराराने ठरावीक काळाने येणाऱ्या पोटगीवर कर घ्यायचा हक्क कुणाचा? तर घेणारी ज्या देशात राहते त्या देशाचा. आपली बाई भारतात राहते, तर हक्क भारताचा. तिने तिकडची कागदपत्रं भरून या कराराचा लाभ मागायचा असतो, हे मात्र लक्षात ठेवा.

आणखी एक साधी खूण सांगतो. अमेरिकेत परदेशी माणसाला देताना खरोखर कर कापला असेल, तर कापणाऱ्याला त्याचा दाखला द्यावा लागतो. त्या फॉर्मचं नाव १०४२-एस. वहीत लिहून ठेवा. कुणी म्हणालं "टॅक्स कापला", तर एवढंच विचारायचं, "बरं, त्याचा १०४२-एस पाठव." आमच्या ताईने हे विचारलं, तेव्हा पलीकडून चार दिवस काहीच निरोप आला नाही.

परदेशाचं झालं. आता आपल्या देशाचं बघू. कारण ताई राहते इथे, आणि कराचा खरा प्रश्न इथलाच आहे.

आपला आयकर कायदा १९६१ सालचा. त्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात. म्हणून आम्ही कलमांचे आकडे सांगत बसणार नाही. तुम्ही पैशांचे प्रकार ओळखायला शिका.

पहिला प्रकार दरमहा येणाऱ्या पोटगीचा. दुसरा एकदाच मिळणाऱ्या एकरकमी पोटगीचा. तिसरा मुलांच्या नावाने येणाऱ्या पैशांचा. आणि चौथा आपल्याच वस्तूंचा, म्हणजे स्त्रीधनाचा.

दरमहाची आणि एकरकमी पोटगी यांतला फरक आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने १९८०च्या दशकात स्पष्ट केला आहे. एका संस्थानी घराण्यातल्या बाईंना घटस्फोटात थोडी रक्कम एकदम आणि थोडी दरमहा मिळाली होती. न्यायालयाने सांगितलं, दरमहा ठरावीक येणारी रक्कम हे उत्पन्न आहे, त्यामुळे ती आयकरात धरली जाईल. एकदाच मिळालेली ठोक रक्कम हे उत्पन्न नाही, तिला भांडवल समजायचं, त्यामुळे तिच्यावर आयकर नाही. झाड आणि फळ यांतला हा फरक आहे. आंब्याचं झाड कुणी आपल्या नावावर केलं तर ती मालमत्ता झाली. दरसाल येणारे आंबे हे उत्पन्न.

पुढे २०१३ साली दिल्लीतल्या आयकर अपीलीय न्यायाधिकरणापुढे असंच एक प्रकरण आलं. तिथे दरमहाच्या पोटगीऐवजी बाईंनी एकदम रक्कम घेतली होती. तीसुद्धा करपात्र नाही असा निकाल झाला.

इथे काही जणी म्हणतील, "मग दरमहा नकोच, एकदमच घ्यावी, कर वाचेल." थांबा. हीच दुसरी भीती. तिचा वापर करून बायकांना कमी पैशांत गुंडाळलं जातं. "दरमहा घेतलीस तर आयकरवाले मागे लागतील, त्यापेक्षा पाच लाख घे आणि सही कर," असं सांगणारे दीर आणि सासरे आम्ही पाहिले आहेत. म्हणून आकडे मांडूनच बघू.

२०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत, भारतात राहणाऱ्या माणसाचं वर्षाचं एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर सवलतीमुळे कर शून्य होतो. शेअर किंवा जमीन विकून झालेल्या नफ्यासारख्या काही गोष्टींचे दर वेगळे आहेत, ते बाजूला ठेवू. बारा लाख म्हणजे महिन्याला एक लाख. दुसरं काही उत्पन्न नसेल, तर महिन्याला एक लाखापर्यंत पोटगी मिळणाऱ्या बाईला एक पैसाही कर पडत नाही.

आता सांगा, आपल्या गावात महिन्याला एक लाखाच्या वर पोटगी किती जणींना मिळते? म्हणजे आपल्यापैकी बहुतेकींसाठी कर हा मुद्दाच नाही. दरमहा की एकरकमी, हे ठरवताना दुसऱ्या गोष्टी बघायच्या. पैसे वेळेवर येतील का? नवरा परदेशात नोकरी बदलून गायब झाला तर त्याला शोधणार कोण? महागाई वाढली तर दरमहाची रक्कम वाढवून मागता येते, पण ठोक रक्कम घेऊन सगळे हक्क सोडल्याची सही केली तर पुन्हा मागता येईल का? प्रश्न हे आहेत. कराची भीती घालून कुणी आपल्याकडून घाईने सही घेत असेल, तर पेन खाली ठेवायचं.

आता ताईचा हिशोब. महिन्याला ४०,००० म्हणजे वर्षाला ४,८०,०००. कर शून्य. पण इथे एक गोम आहे, नीट ऐका. कर शून्य असणं वेगळं आणि विवरणपत्र, म्हणजे रिटर्न, भरावं न लागणं वेगळं. नव्या प्रणालीत वर्षाचं उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, मग कर लागो वा न लागो. ताईला हे माहीत नव्हतं. तिने आता रिटर्न भरायला सुरुवात केली आहे. कोर्टात किंवा बँकेत कर्जासाठी उत्पन्न दाखवायची वेळ आली, तर तोच कागद तिच्या कामाला येईल.

जिला महिन्याला ३०,००० मिळतात, तिचे वर्षाला ३,६०,००० होतात. दुसरं उत्पन्न नसेल तर रिटर्नचीही सक्ती नाही. पण शिवणकाम, दुधाचा धंदा, गिरणी, दुकान यांतून काही येत असेल, तर तेही मिळवायचं आणि मग बघायचं. दुधाचं उत्पन्न शेतीत धरून मोकळं होऊ नका. आयकरात ते शेतीचं उत्पन्न मानत नाहीत.

आणि खरोखर एखादीला जास्त मिळत असेल तर? समजा महिन्याला १,१०,०००, म्हणजे वर्षाला १३,२०,०००. तिला उपकरासह ८१,१२० रुपये कर येतो. वर्षाच्या रकमेच्या मानाने तो सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे इतकी मोठी पोटगी असली, तरी ३० टक्के गेले असं होत नाही.

आता आखाताकडे वळू. आपल्या कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची कितीतरी माणसं दुबई, कुवेत, सौदीत आहेत. तिथे पगारावर आयकर नाही. त्यामुळे काही जण बायकोला सांगतात, "हा बिनकराचा पैसा आहे, तुला इथे काही दाखवायची गरज नाही." हेही चूक. त्याला तिथे कर नाही ही त्याची गोष्ट. तुम्ही भारतात राहता, दरमहाची पोटगी तुमच्या हाती इथे येते, तेव्हा तिचा हिशोब इथल्या नियमाने होणार. पैसा कुठल्या देशातून आला यावर नाही, घेणारी कुठे राहते यावर इथलं गणित चालतं. आणि आयकर कायदा धर्म पाहून वेगळा हिशोब करत नाही. लग्न कुठल्याही पद्धतीने झालेलं असो, दरमहा आणि ठोक हा फरक सगळ्यांना तोच.

काही जणींच्या लेकी परदेशात आहेत. त्यांचा संसार तिथेच मोडला आणि त्या तिथेच राहिल्या, तर नियम त्या देशाचा. इंग्लंडमध्ये नवऱ्याकडून मिळणाऱ्या पोटगीवर घेणारीला कर नाही. ऑस्ट्रेलियातही नाही. अमेरिकेत मघाशी सांगितल्याप्रमाणे २०१८ नंतरच्या हुकमांना नाही. कॅनडात मात्र उलट आहे. कोर्टाच्या हुकमाने किंवा लेखी कराराने दरमहा मिळणारी बायकोची पोटगी तिच्या उत्पन्नात धरतात आणि नवऱ्याला वजावट मिळते. मुलांच्या खर्चाची रक्कम मात्र एप्रिल १९९७ नंतरच्या हुकमांमध्ये तिच्या उत्पन्नात येत नाही. म्हणजे लेक टोरांटोत असेल तर तिला सांगा, पोटगी किती ठरली एवढंच विचारू नकोस, कर जाऊन हातात किती उरणार तेही विचार.

यावरून मुलांच्या पैशांकडे येतो. हुकमात बायकोची रक्कम आणि मुलांची रक्कम वेगवेगळी लिहून घ्यावी, असं वकीलबाईंनी आम्हाला बजावून सांगितलं. भारत-अमेरिका करारात मुलांच्या पोषणाची रक्कम वेगळी काढली आहे. अज्ञान मुलासाठी हुकमाने ठरावीक काळाने येणाऱ्या रकमेवर कर घ्यायचा हक्क देणाऱ्याच्या देशाचा आहे. आणि अमेरिका त्या रकमेवर घेणाऱ्याकडून कर घेत नाही. पण हुकमात "पत्नी व मुलगी यांना मिळून ५०,०००" असं एकत्र लिहिलं, तर कुठले किती हे कोण ठरवणार? "पत्नीस ३०,००० व मुलीस २०,०००" असं लिहिलं की वाद मिटला.

मुलाच्या नावावर पैसे ठेवले आणि त्याचं व्याज आलं, तर घटस्फोट झालेला असताना ते व्याज जो पालक मुलाला सांभाळतो त्याच्या उत्पन्नात धरतात. म्हणजे बहुतेक वेळा आईच्या.

आता ठोक रकमेवरचं व्याज. रक्कम करमुक्त, पण ती बँकेत ठेवल्यावर येणारं व्याज हे उत्पन्न. मघाचं झाड आणि आंबे आठवा. समजा १० लाख मिळाले आणि सात टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले. वर्षाला ७०,००० व्याज. साठ वर्षांच्या आतल्या माणसाचं बँकेतल्या ठेवींचं व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेलं, की बँक टीडीएस कापते. पॅन दिला असेल तर १० टक्के, म्हणजे ७,०००. पॅन दिला नसेल तर २० टक्के, म्हणजे १४,०००. कर लागत नसताना हे पैसे अडकून पडतात. म्हणून ठेव ठेवतानाच पॅन द्या. आपलं उत्पन्न करपात्र नाही असं घोषणापत्र बँकेत देता येतं, आजवर ते १५-जी म्हणून ओळखलं जातं. कापलेच गेले, तर रिटर्न भरून परत मिळतात. कित्येक बायका असे पैसे मागायला जातच नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. लग्न टिकून असताना नवऱ्याने बायकोला पैसे दिले आणि तिने ते ठेवीत टाकले, तर ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. पण वेगळं राहण्याच्या कराराच्या संदर्भात दिलेली मालमत्ता यातून वगळली आहे. म्हणून वेगळं राहताना पैसे किंवा घर मिळत असेल, तर "विभक्त राहण्याच्या करारानुसार" हे शब्द कागदात हवेत. नाहीतर पुढे तुमच्या व्याजाचा हिशोब त्याच्या हिशोबात अडकतो.

घटस्फोट झाल्यावर तर कागदाचं महत्त्व आणखी वाढतं. नवरा-बायको असताना एकमेकांना दिलेली भेट करपात्र नसते, कारण कायद्याच्या लेखी ते नातेवाईक. घटस्फोटानंतर हे नातं उरत नाही. मग हुकूम नाही, करार नाही, आणि त्याने सहज म्हणून वर्षात ५०,००० च्या वर पैसे पाठवले, तर ते तुमच्या उत्पन्नात धरले जाऊ शकतात. तेव्हा जे काही ठरलं ते हुकमात लिहून घ्या. ठोक रक्कम हप्त्यांनी मिळणार असेल तर "एकूण रक्कम एवढी, ती कायमस्वरूपी पोटगी, आणि तिचे हप्ते असे असे" हे स्पष्ट लिहा. नाहीतर तेच हप्ते उद्या दरमहाची पोटगी समजले जातील.

स्त्रीधनाचं थोडक्यात. तुमचे दागिने, माहेरची भांडी, तुमच्या नावाची ठेव परत मिळाली, तर ते उत्पन्न नाही. आपलीच वस्तू आपल्याकडे आली. पण तडजोडीच्या कागदात तिची यादी पोटगीपासून वेगळी करा. नाहीतर तुमचेच दागिने तुम्हाला पोटगी म्हणून मोजून दिले जातील.

आता वही-पेन घ्या. परदेशात नवरा असलेल्या बाईने हुकूम किंवा तडजोड होण्याआधी काय लिहून घ्यायचं?

एक, रक्कम रुपयांत की परकीय चलनात ते स्पष्ट. रुपयांत असेल तर "तिच्या खात्यात प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम" असे शब्द.

दोन, पैसे पाठवण्याचा बँकेचा खर्च आणि त्याच्या देशातला कुठलाही कर त्याच्याकडे, तो पोटगीतून वजा करायचा नाही.

तीन, बायकोची रक्कम वेगळी, मुलांची वेगळी, ठोक रक्कम वेगळी, स्त्रीधन वेगळं.

चार, पैसे फक्त तुमच्या नावाच्या खात्यात. सासूच्या, भावाच्या खात्यात नाही, आणि कुणा गाववाल्याच्या हाती रोख नाही. खात्यात आलेल्या पैशाला पुरावा असतो. परदेशातून रक्कम आली की बँकेकडून त्याची पावती मागा, त्यावर पैसे कशासाठी आले तेही लिहिलेलं असतं. बँक सखी ताईला सांगा, ती मदत करेल.

पाच, पासबुक दर महिन्याला भरून घ्या आणि हुकमातली रक्कम शेजारी लिहा. कमी पडली की त्याच महिन्यात वकिलाला दाखवा.

ही पाचवी गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली, कारण इथेच ताईचा जीव टांगणीला लागला होता. तिचा हुकूम फौजदारी प्रक्रियेतल्या पोटगीच्या कलमाखालचा. पूर्वी ते १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालं. या कलमाखाली थकलेली पोटगी वसूल करायची, तर ती ज्या दिवशी देणं होती तिथून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ताईचा पहिला कमी हप्ता येऊन दहा महिने उलटून गेले होते. आणखी दोन महिने ती गप्प बसली असती, तर पहिले १२,००० या वाटेने हातचे गेले असते, आणि पुढे दर महिन्याला आणखी एकेक हप्ता. "परदेशातला टॅक्स" हे दोन शब्द ऐकून ती गप्प बसली होती. त्या गप्प बसण्याची किंमत दरमहा १२,००० होती.

विधी सेवा समितीच्या वकीलबाईंनी अर्ज दाखल केला. नवऱ्याच्या नावावर इथे काय आहे त्याची माहिती जोडली. त्याआधी एक नोटीस पाठवली, तिच्यात कराचा दाखला मागितला. दाखला काही आला नाही. पुढच्या महिन्यात मात्र खात्यात पूर्ण ४०,००० जमा झाले. मागचे १,३२,००० अजून यायचे आहेत, तारखा चालू आहेत. ताई म्हणते, "पैसे येतील तेव्हा येतील. पण आता कुणी मला टॅक्स म्हणून सांगितलं, तर मी कागद मागते."

मैत्रिणींनो, वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, जिल्ह्याला प्राधिकरण आहे. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक. जाताना हुकमाची प्रत, पासबुक, पॅन, आधार आणि त्याचे निरोप असलेला मोबाईल बरोबर न्या. निरोप पुसून टाकू नका, तेही कागदासारखेच उपयोगी पडतात.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटात ज्यांना पोटगी मिळते, मग ती परदेशातून असो की पुण्यातून, त्यांनी हुकूम आणि पासबुक आणावं. एकीने हुकमातली रक्कम वाचावी, दुसरीने पासबुकातली. दोन आकडे जुळले तर चहा प्यायचा. नाही जुळले, तर चहा पिऊन सगळ्या मिळून तालुक्याला निघायचं.